लिंबाची फोड

"ह्या मेथीला बोंबलाचा वास येतोय," बाई पुटपुटली. जुडी आधी स्वतःच्या नाकाला लावली, मग सोबतच्या जावेच्या नाकाशी नेली. "बघ की. येतोय का न्हाई?"

जावेनं हुंगलं आणि खांदे उडवले.

कुशाबाईनं मान वर केली नाही. ती गोणपाटावर पाणी शिंपडत होती. "वारा तिकडून हाय आज, ताई. मेथीला वास न्हाई, वाऱ्याला हाय. घरी जाऊस्तवर निघून जातो."

"आन् माज्या बोंबलाला मेथीचा वास येतो, त्याचं कोनी बोलत न्हाई," शेजारून गुलशन म्हणाली. ती सुकट पाखडत होती. सुपाच्या टोकाला रेती गोळा करून तिनं फुंकर मारली.

बाई हसली. कुरकुर केल्याशिवाय तिला भाजी गोड लागली नसती, म्हणून केली. मग दोन जुड्या घेऊन गेली.

ओतूरच्या बाजारात या दोघी शेजारी बसायला लागल्या तेव्हा गुलशनचा फैजान सुपाएवढ्या टोपलीत मावत होता. आता तो पिकअप चालवतो. दोघींच्या मध्ये एक वीतभर जागा मोकळी असते आणि त्या जागेत कागदावर लिंबाची एक फोड. गुलशन नमाजाला गेली की तिच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायचं काम कुशाबाईचं. कुशाबाई माळकरी. ती बोंबलाला बोट लावत नाही. भाव सांगते आणि गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं ताजव्यात घालेपर्यंत तोंड पिंपळाकडं करून बसते. कुशाबाई पाणी आणायला गेली की मेथीची जुडी द्यायच्या आधी गुलशन लिंबाच्या फोडीनं हात चोळते, ओढणीला पुसते, मग जुडी उचलते. हे कुणी ठरवलं नव्हतं. एके दिवशी फोड तिथं आली आणि राहिली.

एकच गोष्ट कधी नीट बसली नव्हती, ती म्हणजे सावली. सुकटीला ऊन पाहिजे, मेथीला सावली. दोघींनी मिळून चार काठ्यांवर एक जुनी चादर बांधली होती. ती मेथीवर पुरती ताणली की तिरप्या उन्हात सावली गुलशनच्या मालावरही जायची आणि तो मऊ पडायचा. आखडून घेतली की दुपारपर्यंत मेथी माना टाकायची. मग चादर मधेच कुठंतरी असायची. थोडी सुकट मऊ, थोडी मेथी सुकलेली, आणि दोघी म्हणायच्या, चालतंय.

ऊन चढलं तसा गेणभाऊ आला. हा बाजाराची पावती फाडणारा. त्यानं पावती फाडली पण पुढं सरकला नाही. बाजारामागं पत्र्याची नवी शेड उभी होती, तिच्याकडं हनुवटी केली.

"कुशाबाई, तुमचा ओटा नळाशेजारचा निघालाय. लोक माज्यामागं लागल्यात त्याच्यासाठी. पुढच्या बाजारी बसला न्हाईत तर दुसऱ्याला जाईल. मला बोल लावायचा न्हाई."

"मी सांगितलंय की तुमाला," कुशाबाई म्हणाली. पण गेल्या खेपेसारखा आवाज चढला नाही.

गेल्या खेपेला चढला होता. भाजी आत आणि सुकी मासळी बाहेर, पश्चिमेच्या भिंतीला, असं गेणभाऊनं वाचून दाखवलं तेव्हा कुशाबाई उठून उभी राहिली होती. "गुलशन आत न्हाई, तर मी बी आत न्हाई," असं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली होती. बांगडीवाल्यानं मान डोलावली होती. चहावाल्यानं दोघींना फुकट चहा पाजला होता. तो चहा पीत असतानाच कुशाबाईला नळ दिसला. शेडच्या आत, ओट्याला लागून, पितळी तोटीचा.

गेणभाऊ गुलशनकडं वळला. "तू काय म्हनतेस?"

"मी बघते की," गुलशन म्हणाली. "पिशव्यांत बंद करून आनली तर वास येनार न्हाई. मग घेशील का आत?"

"बंद असंल तर बघू," गेणभाऊ म्हणाला आणि निघाला.

दोघी थोडा वेळ आपापला माल सारखा करत राहिल्या. सारखा असलेलाच माल.

"पिशव्यांत?" कुशाबाईनं विचारलं.

"मशीन मिळतं म्हने. पिशवीचं तोंड चिकटवायचं. तुजा ओटा जाऊ द्यायचा का माज्यापायी?"

"ओट्याला काय सोनं लागलंय," कुशाबाई म्हणाली आणि गोणपाटावर पुन्हा पाणी मारलं.

*

संध्याकाळी रानात सावळाराम धणे टोकत होता. कुशाबाईचा नवरा. बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी, पण ते ऐकणं त्याच्या सोयीचं होतं. सून आरती पाळीचं पाणी धरून उभी होती. मुलगा स्वराज मोटरसायकलवरून उतरला तो बोलतच.

"आई, ओट्याचा अर्ज मी केला. नंबर लागला. लोकांचा लागत न्हाई. आन् तू तिथं भाषन ठोकून आलीस."

"भाषन कुठलं. दोन शब्द बोलले."

"दुपारी किती जुड्या टाकून दिल्यास आज?"

"गाईनं खाल्ल्या. टाकल्या न्हाईत."

आरती हसू दाबत पाण्याकडं बघत राहिली. सावळारामानं कंबर सरळ केली, मावळतीकडं बघितलं. "ही बोलून बसली ना," एवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता. एखाद्यानं विहिरीत बादली सोडली आणि दोर तुटला, तर म्हणावं तसं.

बोलून बसणं ही कुशाबाईची जुनी खोड. सासरी आल्या वर्षी गायीची धार मीच काढीन असं बोलून बसली, ती अजून काढते. पण या वेळचं निराळं होतं. रात्रीची भाकरी थापताना तिला परातीत तो नळ दिसायचा. पत्र्याखालची गार फरशी दिसायची. मेथी संध्याकाळपर्यंत हिरवी. स्वतःच्या मानेवर ऊन नाही. मग गुलशनचं तोंड आठवायचं आणि भाकरी एका बाजूनं जाड व्हायची.

दोन दिवसांनी गुलशन घरी आली. ओट्यावर टेकली, पाणी प्याली. "माल घेऊन येनारा तो अलिबागकडच्या थळचा म्हातारा आता येत न्हाई. त्याच्या पोरांनी घराच्या खोल्या पावण्यांना भाड्यानं दिल्यात. सुकवायच्या अंगणात झोपाळा लावलाय. पावसाच्या आधी माल भरला न्हाई तर चार महिने मी काय इकू? फैजान टोमॅटोचे क्रेट घेऊन अलिबागला चाललाय हाटेलांना. येताना गाडी मोकळी. येतेस का सोबत?"

"मी? माळकरी बाई मासळी घ्यायला?"

"मासळी मी घेते. तू समुद्र घे."

सावळाराम आतून म्हणाला, "जा. मेथी ह्या आठवड्यात न्हाईतरी बोटभरच हाय." त्याला हे बरोबर ऐकू आलं होतं.

*

पहाटे निघाले. माळशेज उतरताना कुशाबाई मधे बसली होती, एका हातानं फैजानचा खांदा धरून. "मावशी, मला गियर टाकू द्या," तो दर वळणावर म्हणत होता. पनवेलपर्यंत गुलशन झोपली आणि कुशाबाई रस्त्याकडेच्या भाज्या बघत राहिली.

अलिबागच्या बाजारात फैजाननं दोघींना उतरवलं. "क्रेट टाकून येतो. इथंच फिरा. लांब जाऊ नका."

ऊन ओलं होतं. अंगाला चिकटत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. ताडगोळे, जांभळं, करवंदांचे द्रोण, कोकमाच्या आंबट-लाल फोडी. शिवाय टोप्या, प्लास्टिकची फावडी आणि शंखांचे आरसे विकणारे. चड्डीतले बाप्ये आणि फुलाफुलांच्या झग्यातल्या बाया हातात नारळ घेऊन हिंडत होत्या, आणि भाव न करता वस्तू घेत होत्या. ते बघून कुशाबाईचा जीव वरखाली झाला.

"अगं, इचार तरी," ती एका झगेवाल्या बाईला म्हणायला गेली. गुलशननं तिला कोपर मारलं.

पांढऱ्या कांद्यांपाशी मात्र कुशाबाई थांबलीच. कांदे पातीसकट गुंफून त्यांच्या माळा केल्या होत्या आणि त्या दोरीवर टांगल्या होत्या.

"बघ, कांद्याच्या वेण्या घातल्यात," ती म्हणाली. "आमी कांदाचाळीत लोटतो, हितं लेकीवानी इंचरत्यात." तिनं एक वेणी हातात तोलली, खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं, पातीचा पीळ उलगडून बघितला आणि परत घातला. विकणारी बाई बघत होती. "कांदेवाली दिसतेस," ती म्हणाली. कुशाबाई खूश झाली. घरादारापासून एवढ्या लांब तिला कुणीतरी ओळखलं होतं.

मग मच्छी मार्केट. आत जायचं गुलशनला होतं, तिला ताज्या मासळीवाल्यांकडून सुक्याचे पत्ते काढायचे होते. कुशाबाई दाराशी थांबली, पदर नाकावर धरला, माळ ब्लाउजच्या आत सारली, आणि देवाला काही समजावून सांगून आत शिरली.

आत गार होतं. वर उंच छप्पर, खाली ओळीनं फरशीचे ओटे, ओट्यांवरून पाणी वाहत गटारीला जात होतं. कोळणी डोक्यात अबोली माळून कोयते चालवत होत्या. एक दुसरीला गिऱ्हाईक तोडल्याबद्दल शिव्या देत होती आणि शिव्या देता देता तिलाच बर्फ देत होती. गुलशन एकेका ओट्याशी वाकून विचारत पुढं गेली. कुशाबाई मासळीकडं बघत नव्हती. ती ओटे बघत होती. उंची केवढी, कडेला पाणी अडवायला पट्टी आहे का, बसणारीच्या पाठीला काही टेकू आहे का.

टोकाचा एक ओटा रिकामा होता. धुऊन ठेवलेला. कुशाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि त्यावर चढून बसली. मांडी घातली. उजव्या हाताला जुड्या, डाव्या हाताला कोथिंबीर, असे दोन्ही हात हवेत ठेवून बघितले. पाय फरशीला गार लागले. वरून पंख्याचा वारा मानेवर आला. तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा गुलशन ओळीच्या त्या टोकाला उभी होती आणि तिच्याकडंच बघत होती.

"गुडघा दुखाय लागला," कुशाबाई खाली उतरत म्हणाली.

"बस की अजून," गुलशन म्हणाली.

"कशाला."

बाहेर आल्यावर दोघी भराभर चालल्या, जणू कुणी मागं लागलंय.

सुक्या मासळीच्या बायका बाहेर होत्या, रस्त्यावर, रणरणत्या उन्हात. छत्री होती ती बाईच्या डोक्यावर, माल उघडा. बोंबलांचे ढीग, सोड्यांची लालसर रास, वाकट्या लाकडासारख्या रचलेल्या. इथं गुलशन बदलली. बाजारात पोरगी हरवावी आणि सापडावी तशी ती ढिगांमधे शिरली. बोंबील कानाशी नेऊन मोडला, मोडल्याचा आवाज ऐकला. सुकट मुठीत घेऊन सोडली, तळहाताला काय चिकटतं ते बघितलं. एका ढिगाला हसली, दुसऱ्याला नाक मुरडलं.

पुढं एक काचेचं दुकान होतं. त्यात तीच मासळी पिशव्यांत बंद, वर माशाचं चित्र. दुकानात बसलेल्या पोराला गुलशननं चिकटवायच्या मशीनचं विचारलं. त्यानं करून दाखवलं. तिनं बंद पिशवी हातात घेतली. दाबली. नाकाला लावली. उलटी केली.

"आतलं कळत न्हाई काय हाय ते," ती हळू म्हणाली.

"वर लिहिलंय," पोरगा म्हणाला.

गुलशननं पिशवी परत ठेवली, जपून, उताणी. "मशीन घेऊन जाऊ जाताना," ती कुशाबाईला म्हणाली. नवऱ्याच्या घरी निघालेल्या पोरीनं 'जाते' म्हणावं तसं म्हणाली. कुशाबाईला ते ऐकू आलं. तिनं ताडगोळ्यांकडं बघितलं.

*

एका जाडजूड कोळणीचा माल गुलशनला पटला. बाकीची पोती तिच्या घरी होती, मागच्या गल्लीत. कोळणीच्या सुनेबरोबर गुलशन पोती बघायला गेली. कुशाबाईला म्हणाली, "तू बस हितं. आले."

कुशाबाई ढिगाशेजारी टेकली. कोळीण गिऱ्हाइकाशी बोलत होती. भूक लागली होती. कुशाबाईनं फडकं सोडलं, भाकरी आणि लसणाची चटणी काढली. शेजारी बोंबील. नाकात तो ओळखीचा वास. कमरेच्या पिशवीत हात गेला, सकाळी घरून कापून आणलेली लिंबाची फोड निघाली आणि तिनं ती कागदावर, आपल्या नि ढिगाच्या मधे, वीतभर जागेत ठेवली. ठेवताना तिचं लक्षही नव्हतं. मग ती भाकरी मोडायला लागली.

"गो बाय, ह्यो काय ठेवलास?"

कुशाबाईनं वर बघितलं. कोळीण उभी राहिली होती. कमरेवर हात.

"काय?"

"लिंबू. कापलेला लिंबू माजे मालाला ठेवतेस? भर बाजारात? कोनी धाडलाय तुला?"

"लिंबू हातासाठी हाय, मावशी."

"हातासाठी! सकाळपासून बोहनीला गिऱ्हाईक धड नाय, म्हनून मी म्हनतंय झालाय काय आज." कोळणीनं चप्पल काढली आणि फोडीला असा टोला दिला की ती रस्त्यापलीकडं टोपीवाल्याच्या टोप्यांत जाऊन पडली. टोपीवाला दोन पावलं मागं सरला. चार बायका गोळा झाल्या. एकीनं दुसरीच्या कानात काही सांगितलं आणि दोघी कुशाबाईच्या माळेकडं बघायला लागल्या. माळ नेमकी बाहेर आली होती.

"मी माळकरी बाई," कुशाबाई हातात भाकरीचा तुकडा धरून म्हणाली. "मी कशाला करनी करीन? मला मिरच्या उतरवायच्या बी धड येत न्हाईत."

तेवढ्यात गुलशन आली. बायकांमधून वाट काढत आत शिरली, काय झालं ते ऐकलं आणि हसायला लागली. हसता हसता ढिगाशेजारीच खाली बसली. मग तिनं सगळं सांगितलं. मेथी, बोंबील, वीतभर जागा, नमाज, पिंपळाकडं केलेलं तोंड, हात चोळणं. कोळीण आधी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मग हात खाली आले. मग तीही बसली.

"म्हंजे ही हात लावत नाय, पन विकते?"

"भाव सांगते. माज्यापेक्षा जादा सांगते."

बायका हसल्या आणि पांगल्या. कोळणीनं चहा मागवला. चहा पिता पिता ती पुन्हा पुन्हा मान हलवत होती.

"पन एक सांग. सुक्याला ऊन लागतं. पाल्याला सावली. तुमी दोघी एका जागी बसलाव कशा एवढी वर्सं?"

कुशाबाईनं बशीत फुंकर मारली. गुलशननंही मारली. चहा कोमट होता.

"आता आमच्याकडं शेड झालीय," शेवटी गुलशन म्हणाली.

"मग? कोन आत, कोन भायेर?"

"बघू," कुशाबाई म्हणाली.

"बघू," गुलशन म्हणाली.

कोळीण एकीकडून दुसरीकडं बघत राहिली, आणि तिनं विषय सोडला. निघताना मात्र तिनं कुशाबाईच्या पदरात कोकमाची पुरचुंडी टाकली. "लिंबाचे बदल्यात," म्हणाली.

पोती चढली. फैजान म्हणाला, "समुद्र बघायचा का न्हाई?" तेव्हा दोघींना आठवलं. त्यानं गाडी किनाऱ्याला लावली. लुगडं आणि सलवार वर धरून दोघी घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. लाट गेली की पायाखालची वाळू निसटायची आणि दोघी एकमेकींना धरायच्या. कुशाबाई काहीतरी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात घोडागाडीवाला ओरडत गेला.

"काय म्हनलीस?" गुलशननं विचारलं.

"लई पानी हाय म्हनलं."

चिकटवायचं मशीन घ्यायचं राहून गेलं. दुकान वाटेवर होतं. फैजाननं विचारलंही, "अम्मी, थांबू का?" पण गुलशन त्या वेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

*

माळशेज चढून आल्यावर फैजाननं टपरीपाशी गाडी थांबवली. ऊन तिरपं झालं होतं. मागं पोत्यांचा वास गाडीच्याही पुढं पोचत होता. आणखी थोड्या वेळात ओतूर येणार होतं, आणि उद्याच बाजार. सकाळी गेणभाऊ हनुवटी करून विचारणार.

बाकड्यावर दोघी बसल्या. फैजान टायर बघत फिरत होता. कुशाबाईच्या हातात कप, कपात अजून चहा, आणि ती तो पीत नव्हती.

"गुलशन."

"हं."

"मी त्या दिवशी बोलले ते... लोकांनी चहा पाजला, मग मला मागं घेता येईना." तिनं कप बाकड्यावर ठेवला. "मला आत बसायचंय. नळापाशी. मेथी मरती गं माजी भाईर. मान भाजती. मला बसायचंय आत."

फैजान टायरापाशी वाकलेला तसाच राहिला.

गुलशननं पायातली चप्पल काढून झटकली. समुद्राची वाळू निघाली. दुसरी काढली, झटकली. मग ओझं उतरल्यासारखे तिचे खांदे एकदम खाली आले आणि ती पाठ टेकून बसली.

"मग बस की, बाई," ती म्हणाली. "मी दिसभर तुज्यापायी त्या पिशव्या हुंगत फिरले. पत्र्याखाली सुकटीला बुरशी धरती, तुला म्हाईत न्हाई का? मला न्हाई यायचं आत. पहिल्या दिवसापासून न्हाई यायचं मला."